टोनर ‘उणे तीन’ कसा असू शकतो? यादी वाचून कोड लिहिणाऱ्या ‘मिब-टू-सी’ची गोष्ट

ऑफिसच्या कोपऱ्यातला प्रिंटर कुणी उघडून पाहिलेला नसतो. तरीही आयटी विभागाच्या स्क्रीनवर सूचना येते, की दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरचा टोनर संपत आलाय. हे कळतं कसं? उत्तर सोपं आहे. प्रिंटर स्वतःच सांगतो.

फक्त प्रिंटरच नाही. राउटर, स्विच, यूपीएस, सर्व्हर अशी नेटवर्कला जोडलेली बरीच यंत्रं विचारल्यावर आपली खबरबात देतात. पण त्यासाठी प्रत्येक यंत्राच्या आत ‘प्रश्न आला की असं उत्तर द्यायचं’ असा कोड कुणीतरी लिहिलेला असावा लागतो. या कोडचा मोठा भाग इतका ठरावीक आणि कंटाळवाणा असतो, की तो लिहायला एक साधन तयार करण्यात आलं. त्याचं नाव ‘मिब-टू-सी’.

एआयकडून कोड लिहून घेण्याच्या आजच्या दिवसांत हे साधन जुनाट वाटेल. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. पण त्याची एक सवय आजही शिकण्यासारखी आहे. जे त्याला माहीत नाही, ती जागा ते रिकामी सोडतं. ते कसं आणि त्याचं महत्त्व काय, हे समजून घेऊया.

यंत्रं बोलतात कोणत्या भाषेत?

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेट वाढू लागलं आणि एक अडचण उभी राहिली. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच नेटवर्कवर होती, पण ती धड चालतायत की नाही हे विचारण्याची सगळ्यांची मिळून एक पद्धत नव्हती. १९८८ मध्ये त्यावर ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’, म्हणजेच एसएनएमपी, हा तोडगा निघाला. १९९० मध्ये त्याच्या पहिल्या आवृत्तीला पक्कं रूप मिळालं.

यात दोन पात्रं असतात. प्रश्न विचारणारा ‘मॅनेजर’ आणि यंत्राच्या आत बसून उत्तर देणारा ‘एजंट’. मॅनेजर १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न पाठवतो, एजंट उत्तर देतो. प्रश्नांचे प्रकारही मोजकेच आहेत: ही किंमत सांग, यापुढची किंमत सांग, ही किंमत बदल. काही बिघडलं तर एजंट न विचारताही सूचना पाठवू शकतो.

पण ‘ही किंमत’ म्हणजे नेमकी कोणती? टोनरची पातळी, तापमान, की किती डेटा आला-गेला त्याचा आकडा? दोघांनाही एकच गोष्ट कळायला हवी. त्यासाठी लागते यादी.

ही यादी म्हणजेच ‘मिब’

या यादीला ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेस’ म्हणतात, थोडक्यात मिब. यंत्राला काय काय विचारता येईल, याचं हे लेखी वर्णन. यात प्रत्यक्ष आकडे नसतात, आकडे कसे असतील ते लिहिलेलं असतं. सातबाऱ्याचा कोरा नमुना डोळ्यासमोर आणा. रकाने ठरलेले आहेत, कोणत्या रकान्यात काय लिहायचं तेही ठरलेलं आहे, फक्त शेतकऱ्याचं नाव आणि क्षेत्र अजून भरायचं आहे.

यादीतल्या प्रत्येक गोष्टीला एक पत्ता असतो. त्याला ओआयडी म्हणतात. हा पत्ता पिनकोडसारखा वाचायचा. पिनकोड ४ ने सुरू झाला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग कळतो, ४११ म्हटलं की पुणे, आणि पुढचे आकडे थेट पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात. ओआयडीतही डावीकडून उजवीकडे जाताना जागा बारीक होत जाते.

प्रिंटरमधल्या टोनरच्या पातळीचा पत्ता असा आहे: १.३.६.१.२.१.४३.११.१.१.९. यातल्या पहिल्या चार आकड्यांचा अर्थ आंतरराष्ट्रीय मानक संस्था, तिच्याखालच्या संघटना, अमेरिकेचं संरक्षण खातं आणि इंटरनेट. इंटरनेटचा जन्म त्या खात्याच्या पैशातून झाला, म्हणून आजही जगातल्या प्रिंटरच्या टोनरचा पत्ता त्याच्या दारावरून जातो! त्यानंतरचे २ आणि १ म्हणजे व्यवस्थापनाची प्रमाणित यादी, ४३ म्हणजे प्रिंटर, ११ म्हणजे टोनर-शाईसारखं सामान, आणि शेवटचा ९ म्हणजे ‘पातळी’चा रकाना.

२००४ च्या प्रिंटर मिबमध्ये या रकान्याची नोंद साधारण अशी आहे:

- प्रकार: पूर्णांक, −३ ते २१४७४८३६४७
- परवानगी: वाचता येईल, बदलताही येईल
- स्थिती: वापरात
- वर्णन: या रकान्याचा अर्थ सांगणारा इंग्रजी परिच्छेद

पहिल्या तीन ओळी कोणत्याही प्रोग्रामला वाचता येतात. चौथी ओळ माणसासाठी आहे. पुढचा सगळा खेळ या फरकावर चालतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

मग हाताने कोड लिहायला काय हरकत?

हरकत काही नाही, पण काम वेळखाऊ आहे आणि चुका ठरलेल्या आहेत. दोन उदाहरणं बघू.

पहिलं उदाहरण ‘यापुढची किंमत सांग’ या प्रश्नाचं. मॅनेजर हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत अख्खा तक्ता वाचून काढतो. त्यासाठी एजंटला सगळे पत्ते चढत्या क्रमाने द्यावे लागतात. आता ९ नंतर काय येतं? माणूस म्हणेल १०. पण हेच आकडे अक्षरं समजून लावले तर १० आधी येतो आणि ९ नंतर, कारण १ हे अक्षर ९ च्या आधी येतं. एवढीशी गफलत झाली, तरी मॅनेजर ‘पत्ता वाढत नाहीये’ अशी तक्रार करून वाचन अर्ध्यावर सोडतो.

दुसरं उदाहरण ‘ही किंमत बदल’ या आज्ञेचं. एकाच निरोपात तीन किमती बदलायला सांगितल्या, तर नियम असा आहे की तिन्ही बदलायला हव्यात, नाहीतर एकही नाही. तिसरी बदलताना अडचण आली, तर आधीच्या दोन पुन्हा होत्या तशा कराव्या लागतात. त्यामुळे एजंट हे काम पायऱ्यापायऱ्यांनी करतो. आलेल्या किमतीचा प्रकार बरोबर आहे का ते तपासायचं, लागणारी मेमरी बाजूला काढायची, बदल करायचा, सगळं सुरळीत झालं तर पक्कं करायचं, नाहीतर उलटवायचं, आणि शेवटी घेतलेली मेमरी परत द्यायची.

हे एका रकान्यासाठी ठीक आहे. पण यादीत बदलता येणारे चाळीस रकाने असतील तर? चाळीस वेळा त्याच पायऱ्या लिहायच्या, फक्त नाव आणि प्रकार बदलून. सतराव्या रकान्याशी पोचेपर्यंत माणूस ‘कॉपी-पेस्ट’वर आलेला असतो. मग एखाद्या ठिकाणी नाव बदलायचं राहून जातं.

अशा कोडमधली चूक किती महागात पडू शकते, हे १२ फेब्रुवारी २००२ रोजी दिसलं. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठातल्या संशोधकांनी एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीला मुद्दाम वेडेवाकडे बनवलेले निरोप पाठवून पाहिले होते. अनेक कंपन्यांची उत्पादनं ते निरोप नीट हाताळू शकली नाहीत. काही बंद पडू शकत होती, तर काहींचा ताबा परक्याकडे जाण्याचा धोका होता. त्या दिवशी अमेरिकेतल्या ‘सर्ट’ या सुरक्षा केंद्राने याबद्दल जाहीर इशारा दिला.

ती चूक निरोप उलगडण्याच्या कोडमध्ये होती. मिब-टू-सी तो भाग लिहीत नाही, म्हणून या साधनाने तेव्हा सगळं वाचलं असतं असं म्हणता येणार नाही. पण धडा दोन्हीकडे लागू पडतो. तोच तो नाजूक कोड प्रत्येकाने नव्याने लिहिण्यापेक्षा तो एकदा नीट लिहावा, तपासावा आणि सगळ्यांनी वापरावा. अर्थात, त्या एका ठिकाणी चूक राहिली तर तीही सगळ्यांकडे जाते. म्हणून तपासणी जास्त कडक लागते.

मिब-टू-सी नेमकं काय करतं?

हे साधन ‘नेट-एसएनएमपी’ या मुक्त सॉफ्टवेअरचा भाग आहे. या सॉफ्टवेअरची मुळं अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आहेत. तिथला कोड पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात वेस हार्डेकर यांनी वाढवला आणि २००० मध्ये प्रकल्पाला आजचं नाव मिळालं. लिनक्सच्या जगात एसएनएमपी म्हटलं की पहिल्यांदा हेच नाव येतं.

मिब-टू-सी स्वतः पर्ल या भाषेत लिहिलेलं आहे आणि त्यातून बाहेर पडणारा कोड सहसा सी भाषेतला असतो. नावातच सगळं आलं: मिबपासून सीपर्यंत.

त्याचं काम ‘मेल मर्ज’सारखं आहे. सोसायटीच्या सभेची सूचना एकदाच लिहायची, नाव आणि फ्लॅट क्रमांकाची जागा मोकळी ठेवायची, आणि सभासदांची यादी जोडली की प्रत्येकाच्या नावाचं पत्र तयार. इथे सभासदांची यादी म्हणजे मिब, आणि सूचनेचा मजकूर म्हणजे साच्याची फाईल.

साच्यातल्या सूचना साध्या असतात. यादीतल्या प्रत्येक तक्त्यासाठी एवढं लिही. तक्त्यातल्या प्रत्येक रकान्यासाठी एवढं लिही. रकाना बदलता येण्यासारखा असेल, तर बदलाच्या पायऱ्याही लिही. रकान्याचं नाव, पत्ता, प्रकार आणि परवानगी साधन मिबमधून उचलतं आणि योग्य जागी बसवतं. शेवटी ते तयार फाइलवर ‘इंडेंट’ नावाचा दुसरा प्रोग्राम चालवतं, म्हणजे ओळी व्यवस्थित आत-बाहेर लागतात आणि माणसाला वाचता येतात.

कोणता साचा घ्यायचा हे सांगितलं नाही, तर साधन पडद्यावर प्रश्न विचारतं आणि उत्तरांवरून योग्य साचा निवडायला मदत करतं. कारण साचे बरेच आहेत. एकटीदुकटी किंमत असेल, उदाहरणार्थ यंत्र किती वेळ चालू आहे, तर एक साचा. तक्ता असेल तर अनेक.

तक्त्यांसाठी इतके साचे लागण्याचं कारण एकच प्रश्न आहे. माहिती राहते कुठे? ती एजंटच्या स्वतःच्या मेमरीत ठेवायची असेल तर एक पद्धत. ती दुसरीकडेच असेल, समजा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, तर ‘पहिली ओळ दे’ आणि ‘पुढची ओळ दे’ अशी दोन फंक्शन्स प्रोग्रामरने द्यायची आणि तक्ता चालवायचं काम बाकीच्या कोडने करायचं. ही दुसरी पद्धत लिहायला सोपी, पण तक्ता मोठा असला की संथ पडते, कारण एक ओळ शोधायलाही सगळ्या ओळी पालथ्या घालाव्या लागतात. छोट्या प्रिंटरला हे चालून जाईल, हजारो जोडण्या असलेल्या राउटरला कदाचित नाही. हा निर्णय मिबमध्ये लिहिलेला नसतो, त्यामुळे साधन तो घेऊ शकत नाही. तो माणसाचा.

नवख्यांची पहिली अडचण मात्र याच्याही आधी येते. साधन चालवलं की ‘असं नाव सापडत नाही’ असा निरोप येतो. साधन बिघडलेलं नसतं, त्याला यादीच मिळालेली नसते. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये परवान्याच्या कारणामुळे बऱ्याच मिब फाइल्स मूळ पॅकेजसोबत येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. यादीच नाही, तर कोड कसला लिहिणार?

आणि त्या रिकाम्या जागा

साधनाने लिहिलेली फाईल उघडली की पानंच्या पानं कोड दिसतो. नोंदणी आहे, पत्ते आहेत, प्रकार तपासणं आहे, बदलाच्या सगळ्या पायऱ्या आहेत. पण मध्ये मध्ये तीन फुल्या आणि एक टिप्पणी दिसते. ‘इथे प्रत्यक्ष माहितीचा पत्ता द्या’, ‘इथे तिची लांबी द्या’, ‘इथे खरा बदल करा’ अशा अर्थाची.

कारण उघड आहे. टोनरची पातळी पूर्णांक आहे हे मिबमध्ये लिहिलंय. पण या कंपनीच्या, या मॉडेलच्या प्रिंटरमध्ये ती कोणत्या सेन्सरवरून, कशी वाचायची, हे मिबमध्ये नाही. ते प्रिंटर बनवणाऱ्यालाच माहीत.

एकट्या किमतीच्या साच्यात तर गंमत आहे. जिथे माहितीचा पत्ता द्यायचा, तिथे फक्त टिप्पणी असते, दुसरं काही नाही. सी भाषेत टिप्पणी म्हणजे मोकळी जागा. त्यामुळे ती जागा भरल्याशिवाय कोड कंपाईलच होत नाही. प्रोग्रामर विसरला, तर कंपायलर तिथल्या तिथे अडवतो.

हेच साधन त्या जागी शून्य टाकू शकलं असतं. कोड लगेच कंपाईल झाला असता, चालला असता, आणि प्रत्येक वेळी ‘टोनर शून्य’ असं ठामपणे सांगत राहिला असता. चूक लक्षात यायला महिने लागले असते. लगेच अडणारा कोड त्रासदायक वाटतो, पण खोटं उत्तर देत चालणाऱ्या कोडपेक्षा तो परवडला.

आता येऊ ‘उणे तीन’कडे

समजा सगळ्या जागा भरल्या, कोड चालू झाला आणि मॅनेजरच्या स्क्रीनवर टोनरची पातळी आली −३. टोनर शून्याखाली कसा जाईल?

उत्तर त्या चौथ्या ओळीत, म्हणजे माणसासाठी लिहिलेल्या वर्णनात आहे. तिथे म्हटलंय की उणे किमतींना खास अर्थ आहे. −२ म्हणजे पातळी माहीत नाही. −३ म्हणजे थोडंफार सामान शिल्लक आहे, पण किती ते सांगता येत नाही. काही प्रिंटरांना ‘आहे’ आणि ‘संपलं’ एवढंच कळतं, मधलं मोजता येत नाही. त्यांच्यासाठी ही सोय. म्हणजे −३ ही चूक नाही. ‘आहे, पण नक्की किती ते विचारू नका’ असं ते सरळ उत्तर आहे.

आणखी एक बारकावा. ही पातळी टक्क्यांत असेलच असं नाही. टक्के हवे असतील, तर शेजारच्या ‘कमाल क्षमता’ या रकान्यातली किंमत घेऊन भागाकार करावा लागतो. वर्णन न वाचता सरसकट भागाकार केला, तर −३ चंही टक्क्यांत रूपांतर होईल आणि स्क्रीनवर निरर्थक आकडा दिसेल.

मिब-टू-सीला यातलं काय कळतं? −३ ही मर्यादा ‘प्रकार’च्या ओळीत लिहिलेली आहे, त्यामुळे ती त्याला दिसते. काही साचे नव्याने आलेली किंमत त्या मर्यादेत बसते का, हे तपासणारा कोडही लिहून देतात. पण −३ चा अर्थ ‘थोडं शिल्लक आहे’ असा होतो, हे त्याला कळत नाही. ते वाक्य साध्या इंग्रजीत आहे. साधन ते फार तर टिप्पणी म्हणून उतरवून ठेवू शकतं.

इथेही एक छोटा इतिहास आहे. प्रिंटर मिबची पहिली आवृत्ती १९९५ ची. तिच्यात या रकान्याला मर्यादाच लिहिलेली नव्हती, फक्त ‘पूर्णांक’ असं होतं. −३ पासून सुरू होणारी मर्यादा नंतरच्या आवृत्तीत आली. म्हणजे आधी जे फक्त माणसाला कळत होतं, त्यातला एक तुकडा यंत्राला वाचता येईल अशा ओळीत आणला गेला. यादी जितकी नेमकी, तितका आपोआप लिहिलेला कोड शहाणा.

यादीच चुकली तर?

मग चूकही तितक्याच इमानदारीने उतरते.

नेटवर्कच्या जोडणीतून किती डेटा आत आला, हे मोजणारा एक जुना रकाना आहे. त्याचा प्रकार ३२ बिटांचा मोजक. हा मोजक जास्तीत जास्त ४२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखं.

सेकंदाला १ कोटी बिट, म्हणजे १० एमबीपीएस वेगाच्या जुन्या जोडणीवर हा मोजक पूर्ण भरायला साधारण ५७ मिनिटं लागतात. दर पाच मिनिटांनी आकडा वाचला तर काहीच अडचण नाही. पण जोडणी १ जीबीपीएसची आणि पूर्ण वेगाने चालणारी असेल, तर तोच मोजक जेमतेम ३४ सेकंदांत भरतो. पाच मिनिटांत तो आठ वेळा शून्यावर येऊन गेलेला असतो. मॅनेजरला ते कळत नाही. त्याच्या आलेखात तुंबलेली जोडणी रिकामी दिसू शकते.

यात मिब-टू-सीचा दोष काय? काहीच नाही. यादीत ३२ बिट लिहिलं होतं, त्याने ३२ बिटांचा कोड लिहिला. उपायही यादीतच करावा लागला. जुना रकाना तसाच ठेवून शेजारी ६४ बिटांचा नवा रकाना घालण्यात आला. जुन्याचा अर्थ बदलता येत नव्हता, कारण असंख्य यंत्रं आणि प्रोग्राम त्याच्यावर विसंबून होते. छापून वाटलेल्या अर्जातला रकाना मागाहून बदलता येत नाही, पुरवणी जोडावी लागते, तसंच.

एकदा लिहून झाल्यावर यादी बदलली तर?

हे अशा साधनांचं खरं दुखणं. साधनाने कोड लिहिला, प्रोग्रामरने त्यात आपली भर घातली. सहा महिन्यांनी यादीत दोन रकाने वाढले. आता साधन पुन्हा चालवायचं तर माणसाने घातलेली भर पुसली जाण्याची भीती, आणि नाही चालवायचं तर नवे रकाने हाताने लिहायचे. बहुतेक जण हाताने लिहितात. मग यादी आणि कोड यांच्या वाटा हळूहळू वेगळ्या होऊ लागतात.

यावरचा उपाय म्हणजे दोघांच्या जागाच वेगळ्या करणं. मिब-टू-सीच्या एका नंतरच्या साच्याचं नावच ‘मिब्स फॉर डमीज’ आहे. तो एका तक्त्यासाठी अनेक फाइल्स तयार करतो. ज्या कोडला हात लावायची गरज नाही तो वेगळ्या फाइलमध्ये, आणि जिथे माणसाने भर घालायची त्या जागा ‘टूडू’च्या खुणांसह वेगळ्या. सोबत वाचायला एक ‘रीड-मी’. यंत्राचं यंत्रापाशी, माणसाचं माणसापाशी.

आज याचं काय राहिलं?

किमती वाचण्यासाठी एसएनएमपी अजूनही भरपूर वापरलं जातं. मात्र यंत्राची मांडणी बदलण्यासाठी ते फारसं रुळलं नाही. जून २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणाऱ्यांना बोलावून त्यांच्या अडचणी विचारल्या, तेव्हा हे स्पष्टपणे पुढे आलं. त्यातून पुढे ‘नेटकॉन्फ’ आणि २०१० मध्ये ‘यांग’ ही वर्णनाची नवी भाषा आली.

यांगसोबत साधनंही नवी आली. ‘पायांगबाइंड’ यांगमधल्या वर्णनावरून पायथनचे क्लास बनवतं, ‘वायगॉट’ गो भाषेतला कोड बनवतं. नेटवर्कच्या बाहेरही हीच रीत आहे. गुगलने २००८ मध्ये खुलं केलेलं ‘प्रोटोकॉल बफर्स’ असंच चालतं. आधी वर्णन लिहायचं, मग त्यावरून हव्या त्या भाषेत कोड काढायचा. तुमच्या मोबाइलमधल्या कितीतरी ॲप्समध्ये असा आपोआप लिहिलेला कोड असतो.

एआय हेच काम करत नाही का?

करतं, पण वेगळ्या पद्धतीने. मिब-टू-सीला तीच यादी आणि तोच साचा दहा वेळा दिला, तर दहाही वेळा तोच कोड मिळतो. साच्यात चूक सापडली, तर ती एका जागी दुरुस्त करून पुन्हा चालवता येते. ते अंदाज बांधत नाही, त्यामुळे त्याच्याकडून हुशारीची अपेक्षाही ठेवता येत नाही.

एआयचं बळ नेमकं उलट्या बाजूला आहे. ते वर्णनातला इंग्रजी परिच्छेद वाचून ‘−३ म्हणजे थोडं शिल्लक’ हे समजून कोड लिहू शकतं. पण सेन्सरबद्दल माहिती नसेल, तर ती जागाही ते एखाद्या पटण्यासारख्या ओळीने भरून टाकू शकतं. ती ओळ कंपाईलही होईल. तिथे तीन फुल्या नसतील आणि कंपायलरही अडवणार नाही.

म्हणून यंत्राने लिहिलेला कोड हातात आला, की तो किती ओळींचा आहे किंवा किती झटपट मिळाला, यापेक्षा दुसरे प्रश्न आधी विचारायला हवेत. यातलं कशावरून आलंय? वर्णनात लिहिलेलं काय, आणि कुणीतरी गृहीत धरलेलं काय? जिथे माहिती नव्हती, ती जागा दिसतेय का, की बुजवली गेलीय?

मिब-टू-सीच्या फाइलमध्ये हे शोधायला फार कष्ट पडत नाहीत. तीन फुल्या शोधायच्या. जिथे त्या आहेत, तिथून पुढे माणसाची जबाबदारी सुरू होते. आणि टोनर उणे तीन दिसला, तर प्रिंटर दुरुस्तीला द्यायच्या आधी यादीतलं वर्णन एकदा वाचायचं.